लेखक अजून लिहीत असताना: अपूर्ण अद्भुत कादंबरीमालिका पडद्यावर आणण्याची रीत

पाच खंडांची म्हणून जाहीर झालेली अद्भुत कादंबरीमालिका तिसऱ्या खंडाशी येऊन थांबलेली असते, चौथा खंड 'लवकरच' येणार असतो, वाचक रोज प्रकाशकाला विचारत असतात, आणि नेमक्या अशा वेळी एखाद्या निर्मात्याला तिच्यावर मालिका करावीशी वाटते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या पट्ट्यात अहिराणी गाण्यांच्या आणि विनोदी चित्रफितींच्या कामातून कॅमेरा व संकलन जाणणारी मंडळी तयार झाली आहेत, त्यामुळे असा विचार आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. अर्धी कथा हाती असताना प्रेक्षकाला पूर्ण कथा द्यायची आहे, अशा पटकथाकारांसाठी हे लिहिले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: कादंबरीतले प्रसंग किती घेतले यापेक्षा तिने वाचकाला दिलेली वचने कोणती घेतली हे महत्त्वाचे असते, आणि जे वचन आपल्याला स्वतःच्या बळावर पुरे करता येणार नाही ते पडद्यावर देऊच नये.

आधी काळाचा हिशेब

क्रमशः कथा आणि तिचे अपुरेपण खानदेशाला नवे नाही. १८६४ साली पारोळ्यात जन्मलेल्या हरी नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले, त्यातून कादंबऱ्या क्रमशः दिल्या, आणि त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. वाचकाने ते सोसले, कारण पुढचा मजकूर न येण्याने कोणाचे वय वाढत नव्हते आणि कोणाचा सेट उभा राहून भाडे खात नव्हता. दूरचित्रवाणीवर या दोन्ही गोष्टी घडतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या कादंबरीमालिकेचे आहे. तिचे पाच खंड १९९६, १९९८, २०००, २००५ आणि २०११ या वर्षी आले. एचबीओ वाहिनीने 'गेम ऑफ थ्रोन्स' या नावाने तिचे रूपांतर १७ एप्रिल २०११ रोजी दाखवायला सुरुवात केली, तेव्हा पाचवा खंड छपाईच्या वाटेवर होता आणि पुढची अनेक वर्षे हाताशी आहेत असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात जानेवारी २०१६ मध्ये मार्टिन यांनी सहावे पर्व सुरू होण्यापूर्वी सहावा खंड येणार नाही असे जाहीर केले, आणि आठ पर्वे व ७३ भाग पुरे करून मालिका १९ मे २०१९ रोजी संपली तेव्हाही तो खंड आलेला नव्हता.

या वर्षांमधली अंतरे पाहा: दोन, दोन, पाच, सहा. मालिका मात्र साधारण दरवर्षी एक पर्व मागते. म्हणून आपल्या लेखकाच्या बाबतीतही सरासरी काढत बसू नये. शेवटच्या दोन खंडांमधले अंतर हेच पुढचे किमान अंतर धरावे. अद्भुत कथा जसजशी पसरते तसतशी तिची पात्रे, घराणी आणि प्रदेश वाढत जातात, प्रत्येक नवा धागा जुन्या सर्व धाग्यांशी जुळवावा लागतो, आणि त्यामुळे शेवटाकडे जाताना लेखकाचा वेग मंदावणे हेच स्वाभाविक असते. मार्टिन यांनी तिसऱ्या खंडानंतर कथेत पाच वर्षांची उडी घेण्याचे ठरवले होते, म्हणजे लहान पात्रे मोठी झाली असती. ती योजना त्यांनी सोडून दिली, आणि पुढचा मजकूर इतका फुगला की तो प्रदेशांनुसार दोन खंडांत विभागावा लागला. कागदावरचे मूल हवे तितकी वर्षे दहाचे ठेवता येते, पडद्यावरचे मूल मात्र दुसऱ्या पर्वापर्यंत ओठांवर मिसरूड घेऊन येते. त्या मालिकेने तरुण पात्रांची वये मूळ कादंबरीपेक्षा सुरुवातीलाच वाढवून घेतली, हे शहाणपणाचे होते आणि आपणही तेच करावे.

करारात शेवट मागून घ्यावा

करारनामा वकिलाकडूनच करून घ्यावा. तथापि वकिलाला काय विचारायचे हे पटकथाकाराला ठाऊक असले पाहिजे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात (१९५७) काही गोष्टी थेट आपल्या प्रश्नाशी निगडित आहेत. कलम १८ प्रमाणे, अजून न लिहिलेल्या कृतीचे हक्क आज लिहून घेता येतात, परंतु ते हस्तांतरण ती कृती प्रत्यक्ष अस्तित्वात आल्यावरच अमलात येते. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या खंडाचे हक्क 'घेतले' असे म्हणणे ठीक. पण ते खंड लिहिलेच गेले नाहीत तर आपल्या हाती काहीही नसते. कलम १९ प्रमाणे हस्तांतरण लेखी असावे लागते, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि करारात वेगळे म्हटले नसेल तर एका वर्षात हक्क वापरले नाहीत म्हणून ते रद्द झाल्याचे मानले जाते. अद्भुत मालिकेची नुसती पूर्वतयारीच वर्षभर चालते, तेव्हा ही एक वर्षाची अट डोळ्यांखालून जाऊ देऊ नये.

शेवटची गोष्ट कलम ५७ ची. हक्क विकल्यानंतरही, आपल्या कृतीची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड झाल्यास लेखक आक्षेप घेऊ शकतो. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली याच कलमाचा आधार घेतला. माध्यम बदलताना काही बदल अपरिहार्य असतात हे मान्य करूनही, करारनामा हा लेखकाच्या या विशेष हक्काला धरूनच वाचावा लागेल असे न्यायालयाने म्हटले. अपूर्ण मालिकेत हा मुद्दा दुप्पट नाजूक होतो, कारण लेखकाने अजून न लिहिलेला शेवट आपण आधीच लिहून दाखवणार असतो. म्हणून आपल्या पटकथेतील स्वतंत्र शेवटाला लेखकाची लेखी संमती घ्यावी, आणि ती 'आवश्यक ते बदल' अशा मोघम शब्दांत न घेता कोणत्या पात्राचे काय होईल इथपर्यंत स्पष्ट घ्यावी.

याच टप्प्यावर लेखकासमोर बसून शेवट विचारावा. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या निर्मात्यांनी २०१३ साली सांता फे येथे मार्टिन यांच्याकडे जाऊन पुढच्या कथेचे ठळक टप्पे समजून घेतले होते. असे विचारायला संकोच वाटतो, आणि आपल्याकडे तर ज्येष्ठ लेखकाला 'तुम्ही मध्येच थांबलात तर काय?' असे तोंडावर विचारणे उद्धटपणाचे मानले जाते. पण प्रश्न टाळून तो नाहीसा होत नाही. हिंदी कादंबरीकार देवकीनंदन खत्री यांचे 'भूतनाथ' १९१३ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले आणि ते त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुढे नेले. रॉबर्ट जॉर्डन यांचे २००७ साली निधन झाले, तेव्हा त्यांची 'व्हील ऑफ टाइम' ही कादंबरीमालिका अपूर्ण होती. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसन यांनी ती १४ खंडांपर्यंत नेली आणि शेवटचा खंड २०१३ साली आला. टिपणे होती म्हणून हे झाले. तेव्हा लेखकाची टिपणे कोठे आहेत, ती कोणाच्या ताब्यात जातील आणि आपल्याला ती पाहता येतील का, हे करारात लिहून घेणे हा लेखकाचा अवमान नाही. 'आबा, आम्हाला तुमच्या कथेशी इमान राखायचे आहे, म्हणून विचारतो,' असे म्हणून विचारल्यास बहुतेक लेखक मोकळेपणाने सांगतात, असा माझा समज आहे.

लेखक शेवट सांगायला तयार नसेल तर स्वतःचा शेवट करण्याची मुभा मागावी. 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही जपानी चित्रकथा २००१ ते २०१० या काळात क्रमशः येत होती. तिच्यावरील पहिल्या ५१ भागांच्या मालिकेने २००३-०४ मध्ये लेखिका हिरोमू अराकावा यांच्या संमतीने स्वतःचा वेगळा शेवट केला. पुढे मूळ कथा संपत आली तेव्हा २००९-१० मध्ये तिच्यावर ६४ भागांची दुसरी मालिका झाली, आणि आज दोन्ही मालिका पाहणारे प्रेक्षक आहेत. माझ्या मते हा मार्ग अधिक स्वच्छ आहे. लेखकाच्या शेवटाकडे जायचे, पण लेखकाने अजून न बांधलेल्या रस्त्याने, हा तिसरा मार्ग सर्वांत धोक्याचा असतो: पात्रे ठरलेल्या ठिकाणी पोहोचतात, परंतु तेथे का आली हे प्रेक्षकाला पटत नाही. सातव्या आणि आठव्या पर्वात मिळून केवळ १३ भागांत 'गेम ऑफ थ्रोन्स' आवरली गेली, तेव्हा प्रेक्षकांची जी नाराजी ओढवली तिचे मूळ मला येथे दिसते.

वचनांचे खाते

आता प्रत्यक्ष पटकथेकडे. समजा, तापीखोऱ्यातल्या एका कल्पित राज्याची कादंबरीमालिका आपल्या हाती आहे. एक किल्ला आहे, जेथील शिवालयात रोज पहाटे कोणीतरी ताजे फूल वाहून जाते. एक नदी आहे, जी एका रात्रीत आटली. आणि रेवा नावाची घोडेव्यापाऱ्याची मुलगी आहे, जिला घोड्यांचे मन कळते आणि जिचा भाऊ लहानपणी हरवला आहे. तीन खंड छापलेले आहेत.

तीनही खंड पुन्हा वाचताना कापसाच्या व्यापाऱ्याच्या उधारीच्या वहीसारखे एक खाते तयार करावे. प्रत्येक नोंदीत वचन कोणते, ते कोणत्या पानावर दिले, त्याचे उत्तर कोणाला ठाऊक आहे आणि उशिरात उशिरा कोणत्या पर्वात ते फेडावे लागेल, एवढे लिहावे. 'उत्तर कोणाला ठाऊक' हा रकाना सर्वांत मोलाचा असतो, आणि तो भरताना स्वतःला फसवू नये; लेखकाने सांगितले, पुस्तकातील पुराव्यावरून आपण अनुमान केले, किंवा कोणालाच ठाऊक नाही, यांपैकी जे खरे असेल तेच लिहावे.

आपल्या उदाहरणात नोंदी अशा पडतील. भाऊ कोठे आहे, हे लेखकाने सांगितले आहे. ते घ्यावे आणि दुसऱ्या पर्वात फेडावे. नदी का आटली, याचे उत्तर पहिल्या खंडातल्या दोन ओझरत्या उल्लेखांवरून काढता येते; ते घ्यावे, पण आपले अनुमान लेखकाला दाखवून मगच. किल्ल्यावरचे फूल हे लोककथेतून आलेले आहे, कारण असीरगडावरील शिवमंदिरात अश्वत्थामा रोज पूजेला येतो ही आख्यायिका बऱ्हाणपूरपासून रावेरपर्यंत सर्वांना माहीत आहे. अशी वचने निराळ्या जातीची असतात. त्यांच्यावर कोणा एकाची मालकी नसते, आणि प्रेक्षक त्यांचे उत्तर मागतही नाही, गूढ कायम राहिले तरी त्याचे समाधान होते. म्हणून ती निर्धास्तपणे घ्यावीत. तिसऱ्या खंडाच्या शेवटी मात्र लेखकाने अचानक एक तांब्याचे नाणे आणले आहे, ज्यावर मृत राजाऐवजी रेवाचा चेहरा कोरलेला आहे. ते का, हे लेखकालाही अजून ठरवता आलेले नाही. हे दृश्य कितीही देखणे असले, वाचकांनी त्याची चित्रे काढून भिंतीवर लावली असली, तरी ते पडद्यावर घेऊ नये. नाणे दाखवले की प्रेक्षक शेवटपर्यंत त्याच नाण्याची वाट पाहत बसतो आणि ते भिजत घोंगडे आपल्या गळ्यात पडते.

रेवाला घोड्यांचे कसे कळते, ही शेवटची नोंद. तिचे उत्तर लेखक पाचव्या खंडात देणार आहे, पण ते वचन गाळले तर कथाच उरत नाही. अशा ठिकाणी प्रसंगच असा लिहावा लागतो की पुढे उत्तर कोणतेही आले तरी तो खोटा पडू नये.

एक प्रसंग

कादंबरीत दत्तजयंतीच्या घोडेबाजारात एक आंधळी घोडी विकायला आलेली आहे. रेवा तिच्या मानेवर हात ठेवते आणि पुढची बारा पाने घोडीच्या मनातले दुःख रेवाच्या मनात उमटत राहते: व्यापाऱ्याने तिचे शिंगरू आदल्या दिवशी विकलेले आहे. कादंबरीत ही पाने सुंदर वाचली जातील. पडद्यावर तीच पाने निवेदकाच्या आवाजात ऐकवली तर ती आकाशवाणीची नभोनाट्ये होतील, आणि शिवाय घोडी खरोखर बोलते असे आपण कायमचे ठरवून बसू.

त्याऐवजी असे करता येईल. व्यापारी लगाम ओढतो, घोडी चारी पाय रोवून उभी राहते. रेवा पुढे होऊन तिच्या मानेवर हात ठेवते. गिऱ्हाईक दात पाहायला वाकते, पण रेवाची नजर व्यापाऱ्याच्या मागे असलेल्या खुंट्याकडे जाते. तेथे लहान मापाची, अजून नवी असलेली, रिकामी म्होरकी लटकते आहे. ती अहिराणीत एवढेच विचारते, "शिंगरू कथा शे?" (शिंगरू कुठे आहे?) व्यापाऱ्याच्या हातातला लगाम सैल होतो. दृश्य तेथे संपते.

रेवाला घोडीने सांगितले की म्होरकी पाहून तिने ओळखले, हे प्रेक्षकाने हवे तसे समजावे. उद्या लेखकाने पाचव्या खंडात ही दैवी देणगी ठरवली तरी प्रसंग खरा राहतो. ती केवळ तीक्ष्ण नजर होती असे ठरवले तरी खरा राहतो. आणि पाचवा खंड कधीच आला नाही तरी आपल्याला शेवट करता येतो. बारा पानांच्या जागी दीड मिनिट, एक म्होरकी आणि तीन शब्द लागले. उत्तर ठाऊक नसलेल्या प्रत्येक अटळ वचनासाठी अशी एखादी दिसणारी वस्तू शोधावी. ती सापडत नसेल तर ते वचन अजून आपल्याला समजलेले नाही असे मानून मूळ पाने पुन्हा वाचावीत.

पर्व कोठे थांबवावे

खंड जेथे संपतो तेथेच पर्व संपले पाहिजे असे नाही. मार्टिन यांचा तिसरा खंड दोन पर्वांत वाटला गेला, चौथ्या आणि पाचव्या खंडातील बराच भाग एकत्र करून पाचवे पर्व झाले, आणि ज्या पात्राचा छापील मजकूर संपत आला होता त्या ब्रॅनला त्या पाचव्या पर्वात मुळीच आणले नाही. ही शेवटची युक्ती फार उपयोगाची आहे. पुढचे न कळणारे पात्र रेंगाळत ठेवण्यापेक्षा त्याला सन्मानाने प्रवासाला पाठवावे.

प्रत्येक पर्वाने एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर पुरते द्यावे आणि नवा प्रश्न एकच ठेवावा. मूळ कादंबऱ्या पूर्ण असूनही 'व्हील ऑफ टाइम'ची मालिका तीन पर्वांनंतर २०२५ साली बंद झाली; तेव्हा लेखक थांबण्याची भीती असते तितकीच वाहिनी थांबण्याचीही असते. आठ ते दहा भागांचे मर्यादित पर्व हेच अशा कथेला मानवते. आठवड्यातून सहा दिवस चालणाऱ्या दैनंदिन मालिकेच्या तोंडी तीन खंड दिले तर ते काही महिन्यांत फस्त होतील आणि मग रेवाच्या सासूला अचानक स्मृतिभ्रंश होईल.

प्रदेश, भाषा आणि खर्च

कल्पित राज्याला खऱ्या भूमीचा आधार असला की निम्मे काम होते, आणि खानदेशात तो भरपूर आहे. थाळनेर आणि बऱ्हाणपूर येथून फारुकी घराण्याने १३८२ ते १६०१ पर्यंत राज्य केले, असीरगड पडल्यावर ते अकबराच्या हाती गेले आणि त्याने पुत्र दानियालच्या नावावरून प्रदेशाला 'दानदेश' असे नाव दिले; घराण्यांच्या संघर्षासाठी याहून दूर जाण्याची गरज नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडेबाजार, तोरणमाळचे पठार आणि लळिंगचा किल्ला कॅमेऱ्यासमोर उभे करता येतात, मात्र संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची आणि सातपुड्याच्या जंगलासाठी वनविभागाची परवानगी बरीच आधी मागावी लागते. मे महिन्यात भुसावळ-जळगावात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा चिलखतातली माणसे आणि घोडे यांचे चित्रीकरण दिवाळीनंतर ठेवावे. यात्राही त्याच सुमारास, मार्गशीर्षात असते.

भाषेचा नियम पहिल्याच बैठकीत ठरवावा. दरबारात प्रमाण मराठी, बाजारात अहिराणी आणि डोंगरात पावरी अशी वाटणी सहज सुचते, परंतु अहिराणी केवळ विनोदी पात्रांच्या तोंडी घातली तर धुळ्यातला प्रेक्षक दुखावला जाईल, आणि ते योग्यच होईल. म्हणून रेवाच्या आयुष्यातले सर्वांत गंभीर क्षण अहिराणीत ठेवावेत. सातपुड्यातील आदिवासींच्या याहामोगीसारख्या पूजनीय दैवतांचा वेश कल्पित राक्षसांना चढवू नये.

पैसे अपुरे पडणारच. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या पर्वात एक मोठी लढाई सुरू होण्याआधीच टिरियन या प्रमुख पात्राला डोक्यावर फटका बसतो, आणि तो शुद्धीवर येतो तेव्हा लढाई संपलेली असते. त्या दृश्याची कोणी तक्रार केल्याचे फारसे ऐकू येत नाही, कारण आपल्याला त्या माणसाचे काय होते यात रस असतो, किती भाले मोडले यात नसतो.

मध्येच नवा खंड आला तर

दुसऱ्या पर्वाचे चित्रीकरण चालू असताना चौथा खंड अनपेक्षितपणे बाजारात आला तर गोंधळ उडतो. त्यासाठी प्रत्येक पर्वाची एक गोठवण्याची तारीख ठरवावी. पटकथा अंतिम झाल्याच्या दिवसानंतर आलेला कोणताही छापील मजकूर त्या पर्वात येणार नाही, तो पुढच्या पर्वासाठी राहील. 'हॅरी पॉटर'चे चित्रपट कादंबऱ्या पुऱ्या होण्यापूर्वीच सुरू झाले होते, आणि पाचव्या चित्रपटात क्रीचर हे दुय्यम पात्र गाळू नका, असे लेखिका जे. के. रोलिंग यांनी कळवले होते, कारण पुढे त्याची गरज पडणार होती. आपल्या लेखकानेही अंतिम पटकथा याच एका दृष्टीने वाचून द्यावी: काय आवडले नाही हे नको, काय गाळल्याने पुढे अडेल तेवढेच सांगावे.

श्रेयनामावलीचा मजकूरही आधीच ठरवावा. छापील कथा चालू आहे तोवर 'अमुक यांच्या कादंबरीमालिकेवर आधारित' असे लिहावे, आणि ज्या पर्वापासून कथा छापील खंडांच्या पुढे जाईल त्या पर्वापासून 'पहिल्या तीन खंडांवर आधारित. पुढील कथा पटकथाकारांची' असे, त्याच आकाराच्या अक्षरांत, प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लिहावे. कोणत्या पर्वापासून हा बदल होईल हे ठरवण्याचा अधिकार निर्मात्याकडे न ठेवता लेखकाकडे ठेवल्यास पुढचे बरेच वाद टळतात.